राणीचं काम

स्पर्धेतलं दशावतारी नाटक तासाभरावर आलं आणि नेहमी राणी होणारा आपा मेस्त्री पायरीवरून घसरून पाय मुरगाळून बसला. नाटक मंडळीच्या मालकांनी राक्षस करणाऱ्या बाबल धुरीकडे बोट दाखवलं. "मिशी काढ. आज राणी तूच."

बाबल हसला. "साडी नेसूची, कंबर हलवूची. त्येच्यात काय मोठा?" आपाला तो वर्षानुवर्षं असाच चिडवत आला होता.

बसल्या बसल्या त्याच्या निऱ्या सारख्या करत आपा म्हणाला, "कंबर हलवू नको. तिच्या पोराक फाशी देतले हत. ती मुरडात कशी?"

दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, उभ्या उभ्या सुचतील ते बोलायचे. राजासमोर गेल्यावर बाबलला काहीच सुचेना. लोक खुसखुसू लागले. तेवढ्यात त्याला आई आठवली, खाडीत बुडालेल्या थोरल्या मुलाची वाट बघत किनाऱ्यावर बसलेली. त्याने पदर पसरला.

"महाराज, माका मारा, पन माज्या झिलाक सोडा."

आवाज हळू होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. मंडप चिडीचूप झाला. पुढे बसलेल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले, आणि मग टाळ्या थांबेचनात.

बाबल धावतच आत आला आणि त्याने आपाचे दोन्ही खांदे धरले. डोळे चमकत होते.

"आपा, ह्या तू दर नाटकाक करतस?"

"दर नाटकाक."

"मगे माका शिकव! तुझो पाय बरो झालो तरी माका शिकव!"