वीस मिनिटं पुढे

चहाघरातलं भिंतीवरचं घड्याळ सहाला दहा कमी दाखवत होतं. म्हणजे खरे वाजले होते साडेपाच. हे गुपित घरातल्या तिघांचं: तिचं, नवऱ्याचं आणि लेक छकुलीचं. थंडी सुरू झाली त्या आठवड्यात नवऱ्याने स्टुलावर चढून काटे वीस मिनिटं पुढे सरकवले होते, कारण शेगडीजवळच्या टेबलावर पत्ते कुटणारे चार पेन्शनर एकेका कपावर अख्खी दुपार काढत आणि दुकान बंद करायची वेळ आली तरी बूड हलवत नसत. गिऱ्हाइकाला तोंडावर ‘उठा’ कसं म्हणायचं? त्यापेक्षा घड्याळाने म्हटलेलं बरं.

चौघांनी तिसऱ्याच दिवशी खिशातले मोबाइल काढून वेळ ताडून पाहिली, एकमेकांना डोळे मारले आणि नवा डाव मांडला. घड्याळाचं ऐकून उठणारं माणूस एकच निघालं, ते म्हणजे शिवणकाम करणाऱ्या मावशी. त्या दाराजवळच्या कोपऱ्यात बसत, कपही स्वतःच उचलून आणून ठेवत. नवऱ्याने “सहाला पाच कमी हो!” अशी आरोळी ठोकली की लगबगीने उठत आणि समोरच्या थांब्यावर सहाच्या बससाठी जाऊन उभ्या राहत. पाच मिनिटांऐवजी पंचवीस मिनिटं. थांब्याला ना छप्पर, ना आडोसा.

कप विसळताना खिडकीतून तिला त्या रोज दिसत. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर देत, तोंडावर मफलर धरून उभ्या. काटे जागेवर आणू या, असं ती नवऱ्याला दोनदा म्हणाली होती. “आणि त्या चौघांच्या तोंडाला कोण लागणार? वर्षभर चिडवतील,” नवरा म्हणाला. तिलाही ते पटलं होतं. शिवाय कोपऱ्यातलं टेबल लवकर पुसून होई, हेही खरंच होतं. ते आठवलं की तिला स्वतःचीच लाज वाटे.

मधले चार दिवस मावशी आल्या नव्हत्या. आज आल्या त्या खोकतच. “तापाने पार झोपवलं गं मला,” म्हणाल्या. नवरा कोळसा आणायला गेला होता. आज सांगून टाकायचंच, असं ठरवून तिने न मागता आल्याचा चहा नेऊन ठेवला.

मावशींनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

“बघ पोरी, थंडीने याची काय दशा केलीय. ह्यांनी घेतलेलं. तीस वर्षांत मिनिटभर चुकलं नाही, आणि आता तुमच्या घड्याळाच्या वीस मिनिटं मागे. ती बसही तसलीच, रोज उशिरा. आजारी पडायच्या आदल्या दिवशी ड्रायव्हरला चांगलं फैलावर घेतलं मी, सगळ्यांसमोर.”

“मग? तो काय म्हणाला?”

“म्हणतो कसा, ‘आजी, मी वेळेवरच आहे.’ वर तोंड करून!”

शेगडीकडून कोणीतरी फिस्सकन हसलं. तिचे कान तापले.

“मावशी, ते आमचं घड्याळ आहे ना...” तिने सुरुवात केली आणि तिची नजर शेगडीकडे गेली. चौघांचे पत्ते हातातच राहिले होते. चौघेही कान टवकारून तिच्याकडे बघत होते, आता मजा येणार अशा चेहऱ्याने.

“काय घड्याळाचं?”

“काही नाही. साखर बरोबर आहे ना, विचारत होते.”

“झकास आहे.” मावशींनी घोटभर चहा घेतला आणि आपल्या घड्याळाची चावी नखाने बाहेर ओढली. “आज लावूनच टाकते हे. सकाळची साडेसातची बसही मी याच घड्याळावर धरते, चुकली तर पंचाईत व्हायची. पण भिंतीवरचं मला दिसत नाही गं इथून. छकुले, तू बघ बाळा. किती वाजलेत?”

छकुली गल्ल्याच्या टेबलावर गणितं सोडवत बसली होती. तिने वर बघितलं. तिचे ओठ हलले. वर्गातल्या कुठल्याही मुलापेक्षा तिची वजाबाकी पक्की होती, घड्याळातून वीस मिनिटं वजा करून करूनच झालेली. मग तिने आईकडे बघितलं.

आईने नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. तिने किटलीचं झाकण उघडलं आणि आत किती चहा उरलाय ते बघत राहिली.

“सहाला पाच कमी, आजी!” छकुली खणखणीत आवाजात म्हणाली.

सुईने खरखरीत झालेल्या बोटांनी मावशींनी काटे फिरवले, घड्याळ कानाला लावून टिकटिक ऐकली आणि पट्टा बांधला. “गुणाची पोर आहे हो,” त्या म्हणाल्या. कप नेहमीसारखा आणून ठेवला, मफलर गुंडाळला आणि आत वारा शिरू नये म्हणून दार हलकेच ओढून घेत बाहेर पडल्या.

शेगडीजवळ कोणीच हसलं नाही. पानं मात्र पुन्हा पडू लागली.

ती खिडकीशी उभी राहिली. थांब्यावर मावशी एकट्याच होत्या. वाऱ्याला पाठ देऊन त्या मनगटाकडे बघत होत्या.

छकुली हळूच जवळ आली. आईच्या स्वेटरची बाही ओढून तिने तिला खाली वाकवलं आणि कानात विचारलं, “आई, बरोबर सांगितलं ना मी?”