सरांकडून जोडलं जातंय

"माझ्याकडून जोडलं जातंय," सर म्हणाले आणि त्यांनी स्क्रीन डॉक्टरांकडे वळवला. "बघा. डेटाबेस ठणठणीत आहे. घोळ वेबसर्व्हरचा. म्हणजे हिचा."

हिचा म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या ताईंचा. हॉस्पिटलची वेबसाइट त्या सांभाळत, डेटाबेस सर. सकाळपासून एकाही पेशंटचा रिपोर्ट उघडत नव्हता आणि वर एका बाईंचं ऑपरेशन त्यापायी खोळंबलं होतं.

"कुणाचा घोळ ते तुमचं तुम्ही नंतर ठरवा," डॉक्टर म्हणाले. "ती बाई कालपासून उपाशी आहे. मला रिपोर्ट द्या."

ताईंनी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला होता, पासवर्ड तपासला होता. आता त्यांनी डेटाबेस ज्या मशीनवर चालतो त्या मशीनलाच विचारलं: सध्या डेटाबेसशी कोण कोण जोडलेलं आहे?

स्क्रीनभर एकच नाव उतरत गेलं. सरांचं.

सरांना ते आपल्या खुर्चीतूनच दिसलं. डेटाबेस चालू आहे ना, हे सारखं विचारत राहणारा एक छोटा प्रोग्रॅम त्यांनी सकाळी लावून दिला होता. तो दर खेपेला नवी जोडणी उघडत होता. जुनी मिटवायला सांगायचं राहून गेलं होतं. डेटाबेस एका वेळी ठरावीकच जोडण्या घेतो. त्या सगळ्या या प्रोग्रॅमनेच अडवल्या होत्या. सर स्वतः मात्र डेटाबेसच्या प्रमुखासाठी वेगळ्या ठेवलेल्या जागेतून आत जात होते, त्यामुळे त्यांना गर्दी कळलीच नव्हती.

त्यांचे कान तापले.

"सर," ताई हळूच म्हणाल्या, "तुमच्याकडचं काही बंद करायचंय का?"

सरांनी मान खाली घालूनच प्रोग्रॅम बंद केला. रिपोर्ट उघडला. डॉक्टरांनी तो उभ्याउभ्याच वाचला, फोनवर "घ्या त्यांना आत" म्हणाले आणि ताईंकडे वळले.

"एवढ्या शिकलात ना? मग लक्ष कुठे असतं, बाई?"

"हो डॉक्टर," ताई म्हणाल्या आणि त्यांनी स्क्रीनवरची ती नावं घालवली.

डॉक्टर दारापर्यंत पोचले.

"डॉक्टर!" सरांचा आवाज जरा मोठाच निघाला.

डॉक्टर थांबले. ताईंनीही वर पाहिलं.

"काय?"

सरांनी घसा साफ केला.

"दार तेवढं ओढून घ्या जाताना. एसी चालू आहे."