शून्य धरलेली हवा

मास्तरांनी संगणकाच्या पडद्यावरचा आकडा पुन्हा एकदा पाहिला. छत्तीस अंश.

उद्याच्या तासाला विद्यार्थ्यांना दाखवायचा म्हणून त्यांनी तो जुना प्रोग्राम उघडला होता. फेकलेल्या भाल्याची वाट काढणारा. रीत तशी सोपी. भाला आत्ता कुठे आहे, किती वेगाने चाललाय, त्यावरून क्षणभराने कुठे असेल ते काढायचं. तिथून पुन्हा पुढचा क्षण. असं करत करत थेट जमिनीपर्यंत. फक्त हवेच्या अडथळ्याच्या जागी शून्य होतं. 'तूर्त शून्य धरू, मग बघू,' असं म्हणत लेकीच्या लहानपणी त्यांनीच ठेवलेलं. तो 'मग' काही उजाडलाच नाही. आज सहज हवा घातली, तर भाला सगळ्यात लांब नेणारा कोन पंचेचाळीसवरून छत्तीसवर उतरला.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला लेक खांद्याला शेकायची पिशवी लावून बसली होती. शाळेत असताना ती भाला असाच, जरा खालच्या कोनात सोडायची. कुणी न शिकवता. आणि केवढा लांब जायचा! कोच काकुळतीला येऊन म्हणाले होते, "पोरीला तिच्या मनाने फेकू द्या हो." पण मास्तर कसले ऐकतात! "गणित खोटं बोलत नाही," म्हणाले आणि रोज मैदानावर जाऊन उभे राहिले. भाला जरा खालून गेला की ओरडायचे, "वर! अजून वर!" वर फेकता फेकता खांदा कामातून गेला. गेल्या वर्षी भाला सुटला तो सुटलाच. तेव्हापासून बापलेकीत कामापुरतंच बोलणं.

"तोच प्रोग्राम ना?" लेकीने अचानक विचारलं. "एकदा खरं सांगा बाबा. तुम्ही म्हणायचात तो कोन बरोबर होता?"

आपणच पोरीचं वाटोळं केलं, सांगून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं. पण जीभ रेटेना.

"होता ना. पंचेचाळीसच," मास्तर म्हणाले आणि त्यांनी पडदा बंद केला.

लेक उठून त्यांच्या खुर्चीपाशी आली. कितीतरी दिवसांनी तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"म्हणजे चुकत मीच होते. आणि मी वेडी, मनातल्या मनात तुम्हालाच बोल लावत बसले. माफ करा हं, बाबा."