दिलेला चेहरा

जन्मापासून ऐकू न येणाऱ्या शर्वरीने महिन्यापूर्वी नवऱ्याला, हर्षदला, आपला चेहरा दिला होता. मोबाइलसमोर एकदा हसायचं, मग एआयच्या मदतीने तो चेहरा रोज नव्या व्हिडिओत बोलत लोकांसमोर जायचा. काय बोलायचं, तेवढं हर्षद सुचवायचा. "तुझा चेहरा गाणी म्हणतो," असं त्याने खुणांनी सांगितलं, तेव्हा ती लाजली होती. दाखव म्हटलं की तो टाळायचा.

आज नणंदेच्या बाळाचं बारसं होतं. पाळण्याजवळच्या बायका तिला बघून तोंडाला पदर लावत होत्या. "वहिनी, तुम्ही भलत्याच विनोदी निघालात," नणंद म्हणाली आणि तिने भिंतीवरच्या टीव्हीवर व्हिडिओ लावला.

ते गाणं नव्हतं. शर्वरी सगळ्यांचे ओठ वाचायची, तसे तिने स्वतःचे वाचले.

‘आमचे हे पाठ फिरवून मला म्हैस म्हणतात, आणि मी हसून चहा पुढे करते.’

बायका खिदळल्या. हर्षद अंगणातून धावत आला आणि त्याने घाईघाईने आवाज बंद केला. टीव्हीवर तिचे ओठ हलतच होते.