बायकोसाठी आलेले सर

“पेशंटचं नाव?” मृणालीने वही उघडत विचारलं.

“बायको,” त्र्यंबक सर म्हणाले. मग घाईने भर घातली, “म्हणजे ऑपरेशन तिचं झालंय. पण चारचौघींत यायची तिला लाज वाटते. मी बघून जातो, घरी शिकवतो.”

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बायका रोह्याच्या त्या हॉलमध्ये मंगळवारी आणि शुक्रवारी व्यायामाला जमत. त्यांना शिकवणारी मृणाली फिजिओथेरपिस्ट. तिने सरांकडे एकदा पाहिलं, त्यांच्या अंगाशी आवळलेल्या उजव्या हाताकडे दोनदा पाहिलं, आणि मागची खुर्ची दाखवली.

ऑपरेशन सरांचंच झालं होतं. हा आजार पुरुषांनाही होतो, क्वचित होतो पण होतो, हे त्यांना वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. आणि तेव्हापासून ते दुसऱ्या कुणाला कळू नये, एवढा एकच उद्योग त्यांना उरला होता. पेणमध्ये, आपल्या गावात, त्यांनी बायपास झाल्याचं सांगितलं. हृदयविकार पुरुषाला शोभतो. त्यात कष्ट दिसतात, जबाबदाऱ्या दिसतात, भेटायला आलेला माणूस आपोआप आवाज खाली आणतो. पण छत्तीस वर्षं पोरांना ‘छाती पुढे!’ म्हणून दरडावणाऱ्या पी.टी.च्या मास्तराने स्तन हा शब्द उच्चारायचा कुठल्या तोंडाने? रथसप्तमीला उघड्या अंगाने सूर्यनमस्कार घालणारा हा गडी आता आरशाकडे पाठ करून बनियन चढवायचा. मैदानावरचा योगवर्ग त्यांनी बंद केला. दीड वर्षात खांदा इतका आखडला की फळीवरचा डबा उतरेना. खरं काय ते फक्त बायकोला ठाऊक. तिला शपथ घातलेली. आणि आता लाजही तिच्याच माथी मारलेली.

चार आठवडे सर पेणहून गाडी पकडून आले आणि खुर्चीत बसून वर्ग बघत राहिले. बायका बोटांनी भिंत चढायच्या. ताडासन करायच्या. पाण्याच्या बाटल्या आधी खांद्यापर्यंत, मग डोक्यावर उचलायच्या. सरांची जीभ काही गप्प बसत नसे.

“धोंडुबाई, कोपर वाकतंय!”

धोंडुबाईचा जन्म मिठागरात घमेली उचलण्यात गेलेला. ती कशाला ऐकून घेते? “ते तुमच्या बायकोला सांगा, मास्तर! काय गो मृणाली, ह्यांची बायको काय पालखीतनं येनार हाय?”

बायका हसायच्या. सरही हसायचे. घरी गेल्यावर मात्र अर्ध्या लिटरची बाटली उचलताना त्यांचंच कोपर वाकायचं, आणि ते सांगायला तिथे कुणी नसायचं.

पाचव्या शुक्रवारी वर्ग सुरू झाल्यावर दार उघडलं. डोक्यावरून घट्ट पदर घेतलेली एक बाई आत आली. तिने पदर मागे सारला आणि सरांनी पेपर तोंडापुढे धरला. ती त्यांची धाकटी बहीण होती, आनंदी, निडीला दिलेली.

“दादा?”

बातमी फुटलीच, सरांना वाटलं. आता निडी, मग नागोठणं, संध्याकाळच्या आत पेण! पण त्यांनी पेपर खाली केला तेव्हा आनंदीच जास्त पांढरी पडली होती.

“तुला कुणी सांगितलं रे? मी तर सगळ्यांना गर्भपिशवीचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतं.”

सरांनाही तिने तेच सांगितलं होतं. महिन्यापूर्वी शहाळी घेऊन ते तिला भेटूनसुद्धा आले होते.

“बाय, ते तुज्यासाठी नाय आले,” धोंडुबाई म्हणाली. “बायकोसाठी येतात.”

“वहिनीला?” आनंदीने तोंडावर हात ठेवला. “अरे, मग बोलला नाहीस?”

सुटायला वाट होती. नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं. पण आनंदीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायला तिचा उजवा हात वर जात नव्हता. अर्ध्यावर अडला होता. सरांना ती जागा नेमकी माहीत होती.

“वहिनीला नाही,” ते म्हणाले. “मला.”

 धोंडुबाई म्हणाली, “व्हय? मंग इतके दिवस खुर्ची कशाला घासलीत? उठा, भिंतीला लागा!”

बायका हसल्या, पण हसता हसता सरकल्या आणि त्यांच्यासाठी भिंत मोकळी झाली. सर उठले. तेरा बायकांदेखत त्यांनी बोटं भिंतीवर टेकवली आणि वर चालवली. खांद्यात कळ आली. तरी दीड वर्षात पहिल्यांदा त्यांना हलकं वाटलं. एवढंच होतं? एवढ्यासाठी एवढा आटापिटा? त्यांना स्वतःचंच हसू आलं, आणि हसतच त्यांनी बहिणीकडे वळून पाहिलं.

आनंदी हसत नव्हती.

“कधी झालं तुझं?” तिने विचारलं.

“दीड वर्ष होईल.”

तिने खाली बघून मनाशी काहीतरी मोजलं. तिच्या आवाजात राग नव्हता. शेजारणीला सांगावं तसं ती सांगत गेली.

“माझं काखेपर्यंत पसरलंय, दादा. सोमवारपासून केमो आहे. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, माहेरी कुणाला झालंय का? झालं असेल तर तुम्ही तेव्हाच तपासून घ्यायला हवं होतं, म्हणाल्या, वर्षभर आधी सापडलं असतं. मी म्हटलं, माहेरी कुणालाच नाही.”