कोरडीच जी

पुलाला पडलेली भेग तपासायला साहेब यंत्र आणणार म्हणून जलाल मिस्त्रीनं सकाळीच आपणच बांधलेला तो आर्णीजवळचा पूल बादलीबादलीनं धुतला, पाहुण्यांपुढे न्यायच्या लेकीचं तोंड धुवावं तसा. उन्हानं पूल वरवर वाळला. साहेबांनी भेगेच्या अल्याडपल्याड ग्रीस लावून यंत्राची दोन बोंडं टेकवली आणि एकातून दुसऱ्यात आवाज किती वेळात पोचतो ते पाहिलं. "भेग दोनच बोटं खोल. पूल पास, मिस्त्री!" पेटी आवरताना त्यांनी विचारलं, "भेग कोरडी होती ना? आत पाणी असलं की आवाज त्यातूनच जातो, खोल भेगही उथळ दिसते." मिस्त्रीनं बादली पायामागं सरकवली. "कोरडीच जी." जीप गेली. दुपारी कापसाच्या गाड्या आल्या. "सरका चाचा, पूल पास झाला म्हन्ते!" मिस्त्री वाटेतच बादली पालथी घालून तिच्यावर बसला. "मांगं फिरवा भाऊ. भेग ओली होती."