कोण आणि कोणाला

"कोण आहे तो?" लेआंद्रोने दार अडवून विचारलं.

कासिल्दाने बॅगेची चेन ओढली. "कोणी नाही."

"थापा मारू नकोस. नाव सांग त्याचं. कोण?"

स्पेनमधल्या अख्ख्या वायादोलिद शहरात आपल्यासारखा लॅटिनचा मास्तर नाही, असं लेआंद्रो स्वतःच सांगत फिरायचा. लग्न झाल्यापासून तो जेवताना कासिल्दाच्या तोंडचा एखादा शब्द पकडायचा, त्याचं लॅटिन मूळ विचारायचा आणि तिला आलं नाही की पाहुण्यांकडे बघून हसायचा. "हिच्या डोक्यात काही शिरायचं नाही!" तोवर तिच्या पुढ्यातलं लसणीचं सूप गार झालेलं असायचं.

"कोण, कोण काय लावलंयस?" ती म्हणाली. "आपल्या स्पॅनिशमधला 'कोण', म्हणजे 'किएन', आला लॅटिनच्या 'केम'वरून, आणि त्या 'केम'चा अर्थ 'कोण' नव्हे, 'कोणाला'. तूच घोकून घेतलंस ना माझ्याकडून? मग नीट विचार. कोणाला सोडून चाललीस, असं विचार."

लेआंद्रोचा हात दारावरून खाली आला. तो तिच्याकडे बघतच राहिला. कासिल्दाही थांबली. त्या क्षणी तो नुसतं 'थांब' म्हणाला असता, तरी तिने बॅग खाली ठेवली असती.

"व्युत्पत्ती बरोबर आहे," तो म्हणाला. "पण उच्चार अजून चुकतोय तुझा. केम नाही, क्वेम."

ती अर्धा जिना उतरली, तरी वरून त्याचा आवाज येतच होता. "क्वेम, कासिल्दा! क्वेम!"